एक ट्रिप महापालिकेची

शुक्रवारची संध्याकाळ. ऑफिसात कॉफी मशीनभोवती नेहमीचा प्रश्न सुरू होता, ‘विकेंडला काय?’ कुणी ताम्हिणी म्हणालं, कुणी मुळशी. एकजण पहाटे सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी हाणणार होता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘विकेंडला काही नाही. पुढच्या आठवड्यात एक दिवस रजा टाकलीय. महापालिकेत चाललेय.’

पाच सेकंद शांतता. मग टीममधल्या सगळ्यात सीनियर माणसाने काळजीने विचारलं, ‘प्रॉपर्टी टॅक्स राहिलाय का?’

नाही हो, टॅक्स भरलाय. जन्मदाखला नकोय, नळजोड नकोय, कुणाचं लग्नही नोंदवायचं नाहीये. मला नुसती सभा बघायची होती. ज्या शहरात आपण राहतो, ज्याच्या खड्ड्यांवर रोज जोक फॉरवर्ड करतो, त्याचे निर्णय नेमके कुठे बसून होतात, ती खोली कशी दिसते, हे वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत एकदाही बघितलं नव्हतं. राजस्थानातले सहा किल्ले बघून झाले, बँकॉकचा तरंगता बाजार झाला. घरापासून सात स्टेशनांवरची ही जागा राहिलीच होती.

आणि खरं सांगायचं तर, या ट्रिपमागे आमच्या खालच्या मजल्यावरचे काका होते. त्यांच्याबद्दल नंतर.

मेट्रोने जा, नदी फुकट बघा

कोथरूडकरांसाठी ही ट्रिप एकदम सोपी. वनाज किंवा आनंदनगरला मेट्रोत बसायचं आणि ‘पुणे महानगरपालिका’ नावाच्याच स्टेशनवर उतरायचं. गरवारे कॉलेजपासून पुढचा हा टप्पा १ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला. डेक्कन सोडलं की गाडी मुठा नदीच्या कडेकडेने जाते. खाली भिडे पूल, झेड ब्रिज आणि नदीचं ते पाणी, ज्याकडे बघून आपण सगळे एकदम मान फिरवतो. एरवी टू-व्हीलरवरून हे दिसत नाही, कारण आपलं सगळं लक्ष पुढच्याच्या इंडिकेटरकडे. वरून मात्र शहर वेगळं दिसतं. संभाजी उद्यान स्टेशनचं पगडीसारखं छत बघून घ्या, पुढच्या स्टेशनला उतरायचंय.

बाहेर आलात की समोर पालिका. शिवाजी पुलावरून, म्हणजे जुन्या पुणेकरांच्या ‘नव्या पुला’वरून, पलीकडे गेलं की शनिवारवाडा. शहराची जुनी सत्ता आणि नवी सत्ता यांच्यात एक नदी आणि एक पूल, बस्स. या इमारतीत येण्याआधी पालिकेचा कारभार काही वर्षं विश्रामबागवाड्यातून चालायचा. पेशव्यांच्या वाड्यात बसून नळपट्टीचा हिशोब! नगरपालिकेची महानगरपालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला.

आत शिरताना आपण एखाद्या सरकारी ऑफिसात चाललोय असं वाटतं, पण दोन मिनिटांत मूड बदलतो. हातात फायली घेतलेली माणसं, पांढरे कडक इस्त्रीचे शर्ट, मोबाइलवर ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ सांगणारे कार्यकर्ते, पहिल्यांदाच आल्यामुळे प्रत्येक दारावरची पाटी वाचत जाणारे माझ्यासारखे बावळट. चहा हवा असेल तर परिसरात तो मिळतोच. पालिकेच्या निम्म्या बातम्या त्या चहावरच जन्माला येतात, असं एका पत्रकार मित्राने सांगितलं होतं.

वरच्या मजल्यावरचं थिएटर

नवीन विस्तारित इमारतीतलं सभागृह गोलसर, वर घुमट. जून २०१८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा बाहेर जोरदार पाऊस होता आणि त्याच दिवशी छतातून आत पाणी टपकलं. पुणेकर ही गोष्ट अजून चवीने सांगतात. पाहुण्यांना शनिवारवाड्याची भुताची गोष्ट सांगून झाली की ही सांगायची.

सभा नागरिकांना बघता येते. नगरसचिव कार्यालयात आधी चौकशी करायची, सभेची तारीख आणि वेळ खात्री करून घ्यायची (तहकूब झाली असेल तर रजा फुकट), आणि वर गॅलरीत जाऊन गप बसायचं. ‘गप’ हा शब्द महत्त्वाचा. त्याबद्दल पुढे.

खालचं दृश्य असं. उंच आसनावर महापौर. समोर मानदंड. निषेध करायचा असला की तो पळवून न्यायचा, हा महाराष्ट्रातल्या पालिकांमधला जुना रिवाज. बाजूला नगरसचिव, एका बाजूला आयुक्त आणि खात्यांचे प्रमुख. आणि समोर सभासद. २०२६ च्या जानेवारीत झालेल्या निवडणुकीतून ४१ प्रभागांचे १६५ नगरसेवक निवडून आले. ४० प्रभागांतून चार-चार आणि एका प्रभागातून पाच. म्हणजे ‘तुमचा नगरसेवक कोण?’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर ‘कुठला?’ असं आहे. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव, त्यामुळे हे सभागृह आपल्या ऑफिसातल्या कुठल्याही लीडरशिप मीटिंगपेक्षा जास्त बॅलन्स्ड दिसतं. आपल्याकडच्या एचआरवाल्यांनी नोंद घ्यावी.

या खुर्च्या मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं रिकाम्या होत्या, हे आपल्यातल्या किती जणांना जाणवलं? मुदत संपली, निवडणूक कोर्टात अडकली आणि शहर प्रशासकाच्या हातात गेलं. अंदाजपत्रकं मंजूर होत राहिली, रस्ते खोदले गेले, बुजवले गेले. पण ‘हे का केलं?’ असं भर सभेत उभं राहून विचारणारं अधिकृत कुणी नव्हतं. मला स्वतःला फरक जाणवला नव्हता, हे कबूल करते. काकांना मात्र जाणवला होता.

गॅलरीत बसायचं तर आधी भाषा शिकून जा. माझी एक छोटी डिक्शनरी:

‘कार्यपत्रिका’ म्हणजे अजेंडा. ‘तहकूब’ म्हणजे आज नाही, नंतर कधीतरी. ‘उपसूचना’ म्हणजे मूळ प्रस्तावाला जोडलेलं शेपूट, कधीकधी शेपूट प्राण्यापेक्षा मोठं. ‘ऐनवेळचा विषय’ म्हणजे ज्याची कल्पना अजेंडा वाचून आलेल्याला नसते. आणि माझा सगळ्यात आवडता, ‘दप्तरी दाखल’. म्हणजे विषय मेला, पण फाइलमध्ये आहे.

बाकी वातावरण ओळखीचं वाटलं. एकजण बोलतोय, चौघं मोबाइल बघतायत, दोघं हळूच चर्चा करतायत, आणि एक बाई खरोखर अभ्यास करून आल्यात. हातातले कागद पिवळ्या पेनने रंगवलेले. त्या पाण्याच्या एका साध्या प्रश्नावर अधिकाऱ्यांना शांतपणे तीन उपप्रश्न विचारतात आणि हॉलमधली कुजबुज थांबते. शहर अशा दोन-चार माणसांवर चालतं, ऑफिससारखंच.

आणि आपण कधी बोलायचं?

गॅलरीत अर्धा तास बसल्यावर माझ्या डोक्यात हाच प्रश्न आला. उत्तर असं, की इथे आपण बोलायचंच नाही. मुख्य सभेत नागरिकाला बघता येतं, बोलता येत नाही.

कॅलिफोर्नियात असलेल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती उडालीच. तिकडे १९५३ पासून ब्राउन ॲक्ट नावाचा कायदा आहे. सिटी कौन्सिलच्या नेहमीच्या बैठकीत लोकांना बोलायची संधी द्यावीच लागते. तिने एकदा आपल्या मुलीच्या शाळेजवळच्या क्रॉसिंगबद्दल माइकसमोर उभं राहून भाषण ठोकलंय. बऱ्याच शहरांत माणशी तीन मिनिटं मिळतात. वेळ संपली की तुम्ही कितीही रंगात आलेले असा, थांबायचं. ‘आपल्याकडे तीन मिनिटांत नमस्कार पण संपत नाही,’ ती म्हणाली. खरंय.

पण म्हणून पुण्यात बोलायची जागाच नाही, असं समजू नका. त्या जागा मोठ्या सभागृहात नाहीत, खालच्या मजल्यांवर आहेत. मी त्यांची यादी केली आणि मलाच लाज वाटली, कारण यातलं एकही मी कधी वापरलं नव्हतं.

एक, हरकती-सूचना. विकास आराखडा असो नाहीतर झाड तोडायची परवानगी, जाहीर नोटीस निघते आणि ठरलेल्या मुदतीत कुणीही लेखी हरकत घेऊ शकतो. जुन्या हद्दीच्या विकास आराखड्यावर २०१३ मध्ये सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या. ८७ हजार! वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या प्रस्तावित रस्त्याविरुद्ध आणि बोगद्यांविरुद्ध २०२३ मध्ये हजारो लोक पायी मोर्च्यात उतरले, ते एका दिवसात जमलेले नव्हते. त्याआधी कित्येक वर्षं कुणीतरी नकाशे वाचत होतं, पत्रं लिहीत होतं.

दोन, सहभागी अंदाजपत्रक. २००६ मध्ये पुण्याने हे सुरू केलं तेव्हा देशात त्याचं फार कौतुक झालं. फंडा सोपा आहे. आपल्या भागातलं छोटं काम, म्हणजे फूटपाथ, बाक, दिवा, बसथांबा, एका फॉर्मवर लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचं. पुढच्या वर्षीच्या बजेटसाठी त्याचा विचार होतो. शहरात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. तुमचं कुठलं, ते ठाऊक आहे? मलाही नव्हतं.

तीन, लोकशाही दिन. महिन्याचा पहिला सोमवार, पण पंधरा दिवस आधी अर्ज हवा. चार, फायली बघणं. २००९ मध्ये पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अर्जाशिवाय फायली बघू द्यायला सुरुवात केली. कल्पना इतकी चालली की २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर कार्यालयांसाठीही घेतली. आणि पाच, मोहल्ला कमिटी. क्षेत्रीय कार्यालयात अधिकारी आणि भागातले लोक समोरासमोर. इथे मात्र कुणीही उभं राहून बोलू शकतं.

एकटं मत

पालिकेतून निघताना वेळ होता, म्हणून पूल ओलांडून, शनिवारवाड्याला वळसा घालून चालत थेट महात्मा फुले वाड्यापर्यंत गेले. जुन्या गंज पेठेत आहे. आपण फुल्यांना शाळांसाठी ओळखतो. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, हे माझ्या डोक्यातून पार गेलेलं होतं.

व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला. फुल्यांचं म्हणणं होतं की हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. मतदान झालं तेव्हा ३२ सभासदांमध्ये विरोधात मत फक्त त्यांचं. प्रस्ताव अर्थातच मंजूर. रोषणाई झाली, व्हॉइसरॉय येऊन गेले. त्या बाकीच्या सभासदांची नावं आज आपल्याला माहीत नाहीत.

वाड्याच्या अंगणात उभी असताना मला आमच्या काकांची फाइल आठवली.

काकांची फाइल

काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्याकडे एक निळी फाइल आहे, आणि त्या फाइलमध्ये आमच्या गल्लीचा फूटपाथ आहे. म्हणजे त्याचे फोटो, मोजमापं, तारखा. सगळं वळणदार अक्षरात. मी त्यांना पूर्वी जिन्यात टाळायचे. कानाला फोन लावून ‘हो हो, कॉलवर आहे’ करत सटकायचे.

गेल्या दिवाळीच्या आधी काकू पडल्या. सकाळी देवळात निघाल्या होत्या. फूटपाथवर जागा नव्हती म्हणून खाली रस्त्यावर उतरल्या, मागून आलेल्या रिक्षाचा आरसा पिशवीला लागला आणि तोल गेला. खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण काकू नंतर खाली उतरल्याच नाहीत. पाय धरतात म्हणून नाही. भीती बसली म्हणून. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून गल्ली बघतात. भिशीच्या मैत्रिणी सुरुवातीला वर यायच्या. मग त्यांनाही जिना नकोसा झाला.

एक दिवस काकांनी जिन्यात मला गाठलं. ‘तू ते प्रेझेंटेशन वगैरे करतेस ना गं? मला तेवढं मदत कर बाळा. बैठकीत मी बोलायला लागलो की आवाज कापतो.’

त्यामुळे ही सगळी ट्रिप. मला आधी मोठी सभा बघायची होती, कसं बोलतात ते शिकायला. खरी परीक्षा आठ दिवसांनी आमच्या भागातल्या बैठकीत होती.

आमची केस क्लिअर होती. फूटपाथवर, गेटच्या डाव्या हाताला, भाजीवाल्या मावशी बसतात. म्हणजे फूटपाथ अडतो. म्हणजे काकू पडल्या. म्हणजे मावशींना उठवा. २०१६ चं पादचारी धोरण मी वाचून काढलं होतं. चालणाऱ्याला पहिला मान, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मोबाइलमध्ये बारा फोटो तयार. बॉस, क्लायंट मीटिंगलासुद्धा मी इतकी तयारी करत नाही.

दोन मिनिटं

बैठकीची खोली लांबट. प्लास्टिकच्या खुर्च्या, घरघरणारा पंखा, टेबलापलीकडे चार-पाच अधिकारी, अलीकडे आम्ही साधारण तीस जण. तिशीच्या आतली फक्त दोन माणसं. एक कॉलेजचा मुलगा आणि मी (बरोब्बर तीस आहे, धरा).

एकेक जण उठून बोलू लागला. कुणाचं पाणी पहाटे साडेचारला येतं. कुणाच्या दारासमोरचा दिवा सतत लुकलुकतो. कुत्र्यांना खायला घालणाऱ्या एक ताई आणि कुत्रे नको असलेले एक आजोबा शेजारी शेजारी बसले होते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. कॉलेजचा मुलगा म्हणाला, ‘बसस्टॉप आहे, पण त्याला शेड नाही.’ एवढंच बोलून खाली बसला. सगळ्यात चांगलं भाषण त्याचं.

मग काका. त्यांनी फाइल उघडली आणि खरंच त्यांचा आवाज कापायला लागला. काकूंच्या पडण्याचं ते एका वाक्यात बोलले. शेवटी म्हणाले, ‘पथारी उठवावी, एवढीच विनंती.’ दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. अधिकारी लिहून घेत होते.

मी फोन घेऊन उठणार, इतक्यात मागून आवाज आला, ‘साहेब, मी बोलू का?’

मावशी. शेवटच्या रांगेत. पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला नोंदणीचा कागद. त्यांना कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. गल्लीत बातमी पोचायला मेट्रो लागत नाही.

‘माझी पाटी दोन फूट बाय तीन फूट हाय,’ त्या म्हणाल्या. ‘सकाळी सातला बसते, दहाला उठते. भिताडाला चिकटून बसते. काकू रोज माझ्यापुढनंच जायच्या. कोथिंबीर परतताना घेते म्हणायच्या. त्या पडल्या तवा मीच धावले. त्यांना रिक्षात मी घातलं. यांना इचारा.’

काका खाली बघत होते. त्यांनी मान हलवली. हो.

‘वाट माझ्या पाटीनं नाय अडली साहेब. गाड्यांनी अडली. माझी पाटी दहाला उठती. गाड्या उठत नायत.’

अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘कुणाकडे फोटो आहेत का?’

तीस डोकी माझ्याकडे वळली, कारण मी फोन हातात धरून अर्धवट उभी होते.

मी फोटो दाखवला. माझाच, मीच काढलेला, पुरावा नंबर एक. त्यात डाव्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, मावशींची पाटी. आणि उरलेल्या फूटपाथवर आडव्या लावलेल्या सहा टू-व्हीलर. महिनाभर हे फोटो बघत होते मी. मला त्यात पाटी दिसत होती. गाड्या दिसतच नव्हत्या, कारण त्या नेहमीच्याच होत्या.

अधिकाऱ्यांनी फोटो मोठा केला. ‘ही पहिली पांढरी ॲक्टिव्हा कुणाची आहे? सोसायटीतलीच दिसतेय. स्टिकर आहे कसला तरी.’

स्टिकर माझ्या ऑफिसच्या पार्किंगचा होता.

दोन पर्याय होते. तिसरा मला सुचला नाही. ‘माझी,’ मी म्हटलं.

आधी शांतता, मग अख्खी खोली हसली. कुत्रेवाल्या ताई, कुत्रे नको असलेले आजोबा, सगळे. मावशी हसल्या नाहीत. काकाही नाही. त्यांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि फाइल मिटली. ती नजर मला कुठल्याही अप्रेझलपेक्षा जड गेली.

पुढे काय झालं?

सिनेमात अशा वेळी लगेच फूटपाथ होतो. इथे ‘स्थळपाहणी’ ठरली. ती झालीही. एका तरुण इंजिनिअरने टेप लावून मोजलं. पाटी सोडून पाच फूट वाट मोकळी राहते. वॉकर जायला पुरते. गाड्या मात्र कडेला खांब रोवल्याशिवाय थांबणार नाहीत, असं तो म्हणाला. काकांनी आणि मी मिळून सहभागी अंदाजपत्रकासाठी खांबांचा फॉर्म भरून ठेवलाय. तो मंजूर होईल की दप्तरी दाखल, ते कळेल तेव्हा कळेल.

पथारीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे, तोही मी आता वाचलाय. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के जागा विक्रेत्यांच्याच प्रतिनिधींना असतात आणि त्यातल्या एकतृतीयांश बायकांना. मावशींना हे आधीच माहीत होतं. पादचारी धोरण वाचून गेलेल्या मला नव्हतं.

खरी महासभा झाली आमच्या सोसायटीत. गाड्या फूटपाथवर का? कारण आतलं पार्किंग भरलंय. कशाने? एक बंद पडलेली मारुती, दोन जुने फ्रिज, कुणाच्या तरी मुलाच्या लग्नातल्या खुर्च्या आणि एक लाकडी पलंग, ज्याचा मालक कोण यावर एकमत नाही. तीन बैठका झाल्या. तिथे मानदंड नव्हता म्हणून, नाहीतर पहिल्याच बैठकीत पळवला गेला असता. शेवटी फ्रिज गेले, खुर्च्या गेल्या. पलंग आहे. सहापैकी दोन गाड्या आत आल्या. त्यातली एक पांढरी.

मागच्या रविवारी सकाळी नऊच्या सुमारास मी दूध आणायला खाली उतरले, तर जिन्यात वॉकरचा टकटक आवाज. काका एक पायरी पुढे, उलटे उतरत, आणि काकू मागे, एकेक पाय सांभाळत. मी बाजूला झाले. कुणी काही बोललं नाही. गेटपर्यंत यायला त्यांना दहा मिनिटं लागली. गेटच्या बाहेर काकूंनी आधी डावीकडे बघितलं, मग रस्त्याकडे, आणि चार पावलं फूटपाथवर टाकून पाटीसमोर थांबल्या.

‘कोथिंबीर कशी?’

‘वीसला जुडी.’

‘वीस? पंधराला दे.’

‘काकू, आठ म्हयन्यांनी आलायसा आन् घासाघीस?’

पंधरालाच दिली.

पुढच्या वेळी कॉफी मशीनजवळ कुणी विकेंडचं विचारलं तर माझं उत्तर ठरलंय. आमच्या भागातली बैठक या महिन्यात आहे. विषय एकच, उरलेल्या चार गाड्या. दोन मिनिटं मिळतात आणि या वेळी काका म्हणालेत, ‘तूच बोल. तुला आतली माहिती आहे.’